रोल नंबर एकोणीस वर्गाबाहेर का?

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
श्री वनमाळी प्राथमिक विद्यालय, चिखली.

विषय : इयत्ता चौथीतील कु. वर्षाली ढगे (रोल नंबर एकोणीस) हिला मोबाइलवरील वर्गात पुन्हा घेणेबाबत.

संदर्भ : शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रविवारी आलेली सूचना. (तिच्याखाली कोणाचीच सही नाही, हे कृपया पाहावे.)

महोदय,

अर्जदार ज्योतीराम ढगे, वर्षालीचा आजोबा, विनंतीपूर्वक कळवितो की, ‘वर्गात अनोळखी इसमाने गोंधळ घातला’ असे सूचनेत म्हटले आहे. तो इसम म्हणजे अर्जदारच. चिखलीत जिथे मंडप उभा राहिला तिथे कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारा माणूस अनोळखी कसा, हे शाळेने सांगावे.

१. टाळेबंदी उठून कंपन्या सुरू झाल्या, शाळा बंदच आहे. मुलगा-सून शिफ्टला गेले की घरात अर्जदार आणि नात. पूर्वी ही पोर शाळेतून येताना जिन्यापासूनच ओरडत यायची. आता पाणी हवे असले तरी बोटाने दाखवते. खालच्या गॅरेजवाल्या जहीरभाईंचा रिझवान तिच्याच वर्गात, तोही खिडकीतून नुसता हात हलवतो. “काय गं, जीभ शाळेतच राहिली का?” असे विचारले तर मान हलवते. होय की नाही, तेही कळत नाही.

२. यावरून अर्जदाराला वर्गाचाच संशय आला. विजयश्री बाई विचारतात, “समजलं का मुलांनो?” कोणी बोलत नाही, कारण आवाज बंद ठेवण्याची शाळेची ताकीद. तरी बाई म्हणतात, “शाब्बास!” कुणाला? शिवाय भागाकार सुरू झाला की मागे कुकरची शिट्टी होतेच, रोज. अर्जदाराची खात्री पटली की बाई एकदाच बोलल्या आहेत आणि शाळा तीच कॅसेट फिरवते आहे. कीर्तनात असे चालत नाही, महोदय. मंडपातून ओ आली नाही तर बुवा पुढचे चरण घेत नाहीत. “जेवून आलात का झोपायला?” असे तोंडावर विचारतात.

३. शनिवारी अर्जदार नातीशेजारी बसून चिंचेने टाळ घासत होता. देवळे बंद, कीर्तने बंद, म्हणून पितळ काळे पडू द्यावे असे थोडेच आहे! बाईंचा आवाज बारीक येत होता. माईकचे चित्र दाबले की जास्त ऐकू येते अशी समजूत असल्याने अर्जदाराने ते दाबले. तेवढ्यात बाईंनी विचारले, “समजलं का?” आणि त्या थांबल्या. समोरून प्रश्न आलेला, हातात टाळ, जन्माची सवय. अर्जदाराने टाळ वाजवून खणखणीत “रामकृष्णहरी!” म्हटले.

पुढचे मात्र सूचनेत नाही. ते का वगळले? कुकर तेवढा वाजत राहिला. मग ओल्या आवाजात बाई म्हणाल्या, “कोण आहे? खरंच कुणी ऐकतंय का?” रिझवान ओरडला, “बाई, मी आहे ना!” मागोमाग एकेक पोर बोलू लागले. आणि आमची वर्षाली, जी घरात तोंड उघडत नव्हती, ती मोबाइल ओढून घेऊन म्हणाली, “बाई, ते माझे आजोबा. त्यांना भागाकार येत नाही!” सगळा वर्ग हसला. बाई हसल्या. नात तर हसून हसून आडवी झाली.

४. सबब कॅसेटचा संशय अर्जदार मागे घेतो. बाई खऱ्या आहेत, गुणी आहेत, आणि त्यांनाही कुणाची तरी ओ हवी होती. नवा संशय असा : दुसऱ्याच दिवशी नातीचा नंबर वर्गातून काढला तो म्हातारा बोलला म्हणून, की मुले बोलली म्हणून?

काल सोमवारी नात गणवेश घालून, वेणी घालून, बंद मोबाइलसमोर बसली. वर्ग सुटायची वेळ होईपर्यंत उठली नाही. नंतर पाणी मागितले, ते बोटाने.

तरी तिला वर्गात घ्यावे आणि बाईंनी विचारल्यावर मुलांना ओ देऊ द्यावी, ही हात जोडून विनंती. शिक्षा द्यायची ती अर्जदाराला द्यावी. वर्गाच्या वेळी तो जिन्यात बसेल. या शब्दावर आपला विश्वास बसणार नाही. टाळ हाती असला की अर्जदाराचा स्वतःवरही बसत नाही. म्हणून टाळच सोबत जमा करीत आहे. शाळा उघडेल त्या दिवशी परत मिळावेत. पोच द्यावी, या खेपेस सहीनिशी.

आपला, जिन्यात बसण्यास राजी,
ज्योतीराम ढगे
चिखली, दि. १३ ऑक्टोबर २०२०

सोबत : टाळ, एक जोडी. एकाच्या काठाचा टवका जुना आहे, तसे पोचेवर लिहावे. जोडी बदलून दिल्यास अर्जदार आवाजावरून ओळखेल.