कडू कीस

२ फेब्रुवारी
आज वडगाव रासाईत रुजू झालो. यवतला हायवेवर उतरलो, तिथून कंपनीच्या जीपने थेट भीमेकाठी. हवा मस्त, खोली ऐसपैस. रताळ्याचा उपवासाचा सुका कीस बनवणारा हा कारखाना आता माझ्या ताब्यात. माणसं मात्र यथातथाच. वॉचमन हरिबा कामाचं विचारलं तरी स्वतःच्या दोन म्हशींवर घसरतो. लॅबमधली नॅन्सी शिरूरची, एम.एस्सी. झालेली, त्यामुळे प्रत्येक वाक्याला 'पण सर' लावते. असो. महाशिवरात्रीचा माल वेळेत काढला की पुण्याच्या ऑफिसातल्या दीडशहाण्यांची तोंडं बंद होतील. आईला फोन करून सांगितलं, यंदा उपवासाला लेकाच्या कारखान्यातला कीस. बिचारी केवढी हरखली! शेजारच्या सगळ्या बायकांना सांगून मोकळीही झाली असेल.

५ फेब्रुवारी
गोदामातल्या रताळ्यांवर काळे डाग पडलेत. बुरशी. नॅन्सीने लगेच व्याख्यान झोडलं. बुरशी लागली की रताळं म्हणे गप्प बसत नाही, स्वतःला वाचवायला अंगातच कडू विष तयार करतं. डागाभोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही ते असतं, शिजवून जात नाही, आणि जनावराने खाल्लं तर फुप्फुसं निकामी होतात. म्हणजे रताळ्याला राग येतो तर! मी सगळ्यांसमोर हसलो. या गावात माणसांना कणा नाही, आणि रताळ्याला म्हणे आहे. डाग कापून टाका आणि उरलेलं किसा, असं सांगून विषय संपवला.

८ फेब्रुवारी
कीस वाळला, रंग सुरेख आला. किंचित कडवट लागतो, म्हणून गुळाची पूड मिसळायला लावली. नॅन्सीने चिमूटभर चाखला आणि पाकिटं भरणाऱ्या बायकांसमोर थुंकला. नाटकी मुलगी. कापलेले काळे तुकडे हरिबाच्या म्हशींना दिले. फुकट मिळालं की ही माणसं किती वाकतात, बघवत नाही. माल बाजारात गेला. आईचं पाकीट जीपच्या ड्रायव्हरबरोबर पुण्याला धाडलं.

१२ फेब्रुवारी
हरिबा सकाळीच दारात. म्हणाला, "सायेब, म्हस मान लांबवून हुबी हाय. तोंडानं दम घेतीया, बसंनाच." थंडी बाधली असेल म्हणून वाटेला लावला. दुपारी म्हैस मेली. घरातलं माणूस गेल्यासारखा रडत होता. म्हशीसाठी एवढं!

१३ फेब्रुवारी
दुसरीही गेली, तशीच, तोंडाला फेस येऊन. आता बायका कीस भरायला तयार नाहीत. नॅन्सी म्हणाली, बाजारातला माल आजच्या आज परत मागवा. तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. अडाण्यांना समजावण्यात अर्थ नसतो, करून दाखवावं लागतं. तूप-जिरं घालून कीस परतायला लावला आणि सगळ्यांसमोर वाडगाभर खाल्ला. वर आणखी मागून घेतला. कडूजहर होता. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

१४ फेब्रुवारी
खोकला. किसाची धूळ असणार, दुसरं काय.

संध्याकाळी गोदामात कुणीतरी धापा टाकत होतं. लपलेला कुणी कामचोर असेल म्हणून ढिगामागे पाहिलं. कुणी नाही. बाहेर आलो, तर आवाजही बाहेर आला. माझाच —

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
आडवं होता येत नाही. टेबल धरून उभा आहे. मान आपोआप पुढे जाते.

हरिबा येऊन बघून गेला. "माजी म्हस अशीच हुबी हुती, सायेब." मग गाडी आणायला यवतकडे पळाला. त्याच्या जागी मी असतो तर पळालो नसतो.

आईचं पाकीट —

फोन उचलत नाही. देवळात गेली असेल. मेसेज उघडता येत नाही तिला, त्यावरून मीच चिडवायचो. नॅन्सीला लावला. बंद. आज रविवार, चर्चमध्ये —

खरं बोलत होती. मी मूर्ख. रताळ्याला बुरशी काय आणि मी काय —

ओठाला फेस. भीती वाटते. खूप —

आईचा फोन. उचलला. खाऊ नकोस म्हणायचंय, शब्द फुटत नाही. नुसती घरघर.

ती म्हणते, तुझ्याकडे वारा फार सुटलाय का रे. म्हणते, देवळातून आले नि आधी तुझाच कीस केला. जरा कडू लागला, पण माझ्या लेकानं पाठवलेला, टाकवेना, म्हणून सगळा सं—