देवघरातली रोमन बाई

पारनाका, कल्याण
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

चि. कादंबरीस,
आईचे पोटभर आशीर्वाद. नागपूरला आता ऊन तापू लागलं असेल, जप.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण ऐकून घेणारं कुणी नसल्यामुळे फार वेळ कुरकुरत नाही. शेजारच्या नव्या बिल्डिंगचं खोदकाम चालूच आहे.

त्या खड्याबद्दल तू फोनवर रागावलीस आणि माझं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते. तुळशीच्या कुंडीसाठी मी त्या खोदकामावरच्या मुकादमाकडून, पोपटकडून, घमेलंभर माती मागून आणली. ती चाळताना चिंचोक्याएवढा तांबडा खडा हाती लागला. उजेडात धरला तर कोरलेली उभी बाई, एका हातात पळी, दुसऱ्या हातात भरलेलं काहीतरी. आता तूच सांग, मला अन्नपूर्णा नाही तर कोण आठवणार? देवघरात बसवली, कुंकू वाहिलं. तू संग्रहालयात नोकरी करणारी, फोटो बघताच म्हणालीस की ही रोमन भाग्यदेवता, अंगठीतली, आणि पळी नव्हे, ते जहाजाचं सुकाणू. सुकाणू पळीसारखं दिसतं हे मला काय माहीत!

पण एक सांगायचं राहिलं. खालच्या मजल्यावरच्या मेघनाने "काकूंकडे देवी आली" असं गावभर केलं आणि दर शुक्रवारी बायका येऊ लागल्या. आरती, चणे-गूळ, मग तासभर गप्पा. बाबा गेल्यापासून मला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही. त्याच बायका माझ्या घरी चहा पिऊ लागल्या. तुझा फोन आल्यावरही मी त्यांना काही बोलले नाही. देवी खोटी होती, पण माणसं खरी होती ना.

तू म्हणालीस, "आई, आता त्याला हात लावू नकोस. मी शिवरात्रीला येते, दोघी जाऊन सरकारात जमा करू." मी हरखले. मग बसून विचार केला. बाबांच्या वर्षश्राद्धाला तुला रजा मिळाली नव्हती. माझ्या मोतीबिंदूच्या वेळीही नाही. खड्यासाठी लगेच मिळाली. वाईट वाटलं गं, खूप वाटलं.

म्हणून सोमवारी मी एकटीच ठाण्याला जाऊन कलेक्टर कचेरीत तो देऊन आले. तिथले साहेब भिंगातून बघत म्हणाले, "आजी, हिला कुंकू कुणी लावलं?" म्हटलं, "घरी आलेल्या बाईला आम्ही तसंच पाठवत नाही." ते हसले. मलाही बरं वाटलं.

आज मेघना दारातूनच म्हणाली, "काकू, देवीला सरकारात कशाला दिलंत?" आणि गेली. बाकी कुणी आलं नाही. भिजवलेले चणे मी एकटीनेच खाल्ले.

तेव्हा कादंबरी, आता इथे बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. तिकीट रद्द केलंस तर मी कारण विचारणार नाही. या घरात यायला कारण म्हणून आता फक्त मी आहे. तेवढ्यासाठी येशील का?

तुझी,
आई