बोटीवर केळं चालत नाही

मु. गोवा, १२ डिसेंबर १९९३

तीर्थस्वरूप नाना यांस लोटनचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता दुखत नसेल असं धरून चालतो, कारण पुढचं वाचून त्यांना तुमच्यासाठी पाणी आणायला उठावं लागेल. मी जिवंत आहे. पण नाना, अजून हादरलेलाच आहे!

आपल्या सुमनसाठी एदलाबादचा अभिमन बघायला तुम्ही मला मुंबईला धाडलंत. मुलगा एका शेठच्या सहलीच्या बोटीवर खलाशी. बोट गोव्याला निघालीच होती, तो म्हणाला, काका, तुम्हीही चला. आपल्या बागेतला केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन (फैजपूरचा माणूस रिकाम्या हाताने जातो का कुठे?) मी बोटीच्या फळीवर पाय ठेवला, तर विलायतेत शिकून आलेला कप्तान साप दिसल्यासारखा ओरडला. का, तर केळं चढलं की बोट बुडते! नाना, जिच्यावर घरातली लग्नं उरकली, विहीर बांधली, ती केळी अपशकुनी? घड धक्क्यावर राहिला आणि आपला होणारा जावई खाली मान घालून दोर सोडत बसला. स्थळाला नकार तिथेच मनात पक्का केला.

पुढे दर्याने आतडी पिळली. पाणीसुद्धा पोटात ठरेना. शेवटी अभिमनने सदऱ्यातून एक केळं काढलं. "काका, पटकन खाई घ्या. कोनाले सांगू नका." खाल्लं, ठरलं, जिवात जीव आला. साल दर्यात टाकायचा धीर होईना (आधीच त्याचा केळ्यावर राग, त्यात आणखी कशाला डिवचा!), म्हणून टोपीत ठेवली. आणि इंजिन बंद पडलं! डिझेलात पाणी गेलं होतं, हे मागाहून कळलं. मी घाबरून मुक्ताईला वाकून नमस्कार केला, टोपी पडली आणि साल थेट कप्तानाच्या बुटावर.

दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढत इथल्या मरीनात आणलं. मरीना म्हणजे बोटींचा गोठा. श्रीमंतांच्या बोटी ओळीने खुंटाला बांधलेल्या, प्रत्येकीला नळ, वीज, आणि मालक घरदार सोडून आत झोपलेले. बांधायचं भाडं लिहीत नाही, वहिनींना सोसायचं नाही.

आपला,
लोटन

ता. क. साल बघून कप्तानाने विचारलं, केळं कोणी आणलं? टोपी माझी होती, माझ्या नावावर सहज खपलं असतं. पण मी तोंड उघडायच्या आत अभिमन "मी" म्हणाला. उभ्या उभ्या नोकरी गेली. नाना, मला रडू आलं. बेकार म्हणून हे स्थळ मोडू नका, पाया पडतो. त्याला सोबत घेऊनच येतोय. सुमनला तेवढं विचारून ठेवा.

ता. क. २. लग्नपत्रिका कप्तानालाही पाठवा. मांडवाच्या दाराला केळीचे खांब असतात, हे मात्र कळवू नका.