शेत, जिनिंग आणि मनीषाचा ड्रोन

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष होत आलं. आज लिहायला बसले, कारण आज माझ्या अख्ख्या वर्गानं तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

पाथरीच्या कॉलेजात अकरावीला शिकवत होते. देश पुढे जाऊ लागला की माणसं शेतीतून कारखान्यात जातात, मग दुकान, बँक, दवाखाना, मोबाईल अशा सेवांमध्ये. मागच्या बाकावरच्या रेखानं विचारलं, "मॅडम, एकाच घरात होतंय का असं?" मी पुस्तक मिटलं आणि बोरीच्या आपल्या घराची गोष्ट सांगितली.

दत्तादादा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला लागला तेव्हा तुम्ही महिनाभर त्याच्याशी बोलला नव्हतात, आठवतं? बसायचात बापलेक एकाच ओसरीवर, आणि आई दोघांचे निरोप पोचवायची! एवढा राग बरा होता का? आपल्या एवढ्याशा रानात सगळ्यांच्या हातांना काम नव्हतं, हे तुम्हालाही कळत होतं.

मग कापूस घेऊन तुम्ही त्याच जिनिंगला गेलात. टेम्पोत मीही होते. दादा मशीनपाशी उभा होता, केसांवर, भुवयांवर पांढरी रुई. आधी तुम्ही त्याला ओळखलंच नाहीत. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे पडताना किती वेळ बघत राहिलात! जन्मभर कापूस पिकवून विकला, पण पुढं त्याचं काय होतं ते पहिल्यांदाच बघत होतात. शेवटी उपरण्यानं दादाचा चेहरा पुसलात आणि म्हणालात, "आपल्याच कापसाचं पुढचं काम हाय हे. कर तू."

दादाची लेक मनीषा तर त्याच्याही पुढे गेली. ड्रोन चालवायला शिकली, गावोगाव फवारणी करून देऊ लागली. सुरुवातीला कुणी तिला रानात उभं करेना. तुम्हीच म्हणालात, पहिली फवारणी आपल्या तुरीवर. बांधावर अर्धं गाव जमलं. ड्रोन उठला तशी तुमची टोपी उडाली आणि तुम्ही तिच्यामागे धावलात! झरीचे पाहुणे म्हणाले, पोरीनंही रान सोडलं म्हणायचं. तुम्ही टोपी झटकत म्हणालात, "सोडलं कुठं? वरून बघायलीय."

इथं वर्ग हसला, आणि मग त्या टाळ्या.

एक गोष्ट मात्र मी वर्गात सांगितली नाही. तुम्ही एकदा म्हणाला होतात, तुझा तास ऐकायचाय, मागं गुपचूप बसतो. मी पुढच्या आठवड्यात, परीक्षा झाल्यावर, असं म्हणत टाळत राहिले. मला तुमच्या धोतराची लाज वाटली होती, आबा. तुम्हाला ते कळलं होतं का? कळलंच असणार. पुन्हा कधी विचारलं नाहीत.

म्हणून आज तास संपताना मुलांना म्हटलं, शनिवारी आईवडिलांना घेऊन या, या धड्याचं उरलेलं तेच शिकवतील. सगळे गेल्यावर रेखा थांबली. तिचे वडील जीप चालवतात, आई कापूस वेचायला जाते. "कामाच्या कपड्यांवरच येतील, चालंल का?" मी म्हटलं, "पहिल्या बाकावर बसवू."

आबा, शब्द देते. माझ्या वर्गाच्या दारात आलेल्या कुठल्याही बापाला यापुढे 'पुढच्या आठवड्यात या' असं ऐकावं लागणार नाही.

तुमचीच,
वंदू