दोनशे छप्पन्न शिड्या

३ मार्च
नोकरी लागली! विज्ञान प्रदर्शनाच्या वर्कशॉपमध्ये. डीएनएच्या छोट्या तुकड्यांची लाकडी मॉडेलं करायची – चार पायऱ्यांच्या शिड्या. पायरीच्या डावीकडे ए, टी, जी, सी या चार घटकांतलं काहीही, प्रत्येकाचा रंग वेगळा. उजवीकडे ठरलेला जोडीदार. ए-समोर टी, जी-समोर सी. साहेब म्हणाले, "प्रत्येक पायरीला चार पर्याय. चार पायऱ्या. एकूण दोनशे छप्पन्न. रोज आठ करा, शेवटची झाली की तुम्ही मोकळ्या." म्हणजे कामाचे बत्तीस दिवस. चारचा पाढा त्यांनीच शोधल्यासारखे बोलतात!

४ मार्च
सोळा झाल्या. नखं निळी.

६ मार्च
बत्तिसावी करायला घेतली. ए-सी-टी-टी. शेल्फवर बारावी चुकून उलटी ठेवली होती – बघते तर तीच! वरचं टोक खाली केलं, उजवी बाजू डावीकडे आली की बारावीची बत्तिसावी होते. आणि डीएनएच्या रेणूला कुठलं आलंय वर-खाली?
मग काय, बारावीच उलटी धरून साहेबांकडे नेली. त्यांनी चष्मा लावून एकेक पायरी तपासली. "वा! बत्तिसावी." वहीत सही ठोकली! हसू दाबताना मला असा ठसका लागला की साहेब स्वतः उठून पाणी घेऊन आले.

७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कागदावर मांडल्या. सोळा अशा, की उलट्या केल्या तरी जशाच्या तशा. उरलेल्या दोनशे चाळीस म्हणजे एकशे वीसच, दोनदा मोजलेल्या. एकूण एकशे छत्तीस. मी हुशार!
मग दिवस मोजले. एकशे छत्तीस म्हणजे सतरा दिवस. पंधरा दिवसांची नोकरी मीच उडवली.
ताई म्हणाली, "तोंड शिवून बस. तुला कुणी विचारलंय?" तीन महिने बेकार होते, अजून तिच्या सोफ्यावर झोपतेय. तिचं चुकत नाही.

८ मार्च
गप्प.

९ मार्च
अजून गप्प! माझा विक्रम.

१० मार्च
पेंटर बोर्ड घेऊन आला – 'शक्य असलेले सर्व २५६ रेणू'. उद्घाटनाला एखादी शाळकरी पोर शिडी फिरवणार आणि साहेबांची शोभा होणार. फुशारक्या मारतात खरे, पण पाणी आणून दिलं होतं. राहवलं नाही. बारावी टेबलावर ठेवली, फिरवली.
साहेब बघतच राहिले. "म्हणजे त्या दिवशी मी सही केली ती...?"
"बारावीच होती."
कान लालभडक! तसेच उठून पेंटरला थांबवायला गेले. ताईला काही सांगितलं नाही.

२५ मार्च
एकशे छत्तिसावी झाली. साहेबांनी सुलटी तपासली, मग उलटी. मी डबा पिशवीत भरला.
"थांबा. पुढच्या दालनात सहा पायऱ्यांच्या करायच्यात. मी चार हजार शहाण्णव म्हणणार होतो – पण आधी तुम्ही सांगा."
कागद घेतला. दोन हजार ऐंशी. रोज आठ.
दोनशे साठ दिवस! ताईला तिचा सोफा परत मिळणार.