चोचीला हात लावायचा नाही

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पिल्लं सुखरूप पोचली. खोक्याचं झाकण काढताच सगळी एका सुरात माझ्यावर ओरडली, अगदी आपल्या घरच्यांसारखी.

तू उबवणी केंद्रात तापल्या पात्याने पिल्लांच्या चोचींची टोकं उडवणार आणि सख्खी बहीण चोच न कापलेली पिल्लं मागणार, म्हणजे तुला राग आलाच असेल. बहीण कोंबड्या पाळणार आहे की पोपट, असं केंद्राच्या मालकांनी तुला विचारलं म्हणे. विचारू देत. मागच्या खेपेची काही पिल्लं दाण्यावर नुसती चोच आपटत राहायची, दाणा काही उचलला जायचा नाही. ते बघून माझा घास घशाखाली उतरत नसे. या वेळी चोचीला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

वहिनीला नमस्कार. रागावूनही लोभ ठेव.

तुझी,
मिरची

१० मार्च

चि. मिरचीस,
अ. आ.

राग आला होता, गिळला. तुझं एकदा ठरलं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही, हे मला नवं नाही.

पण कोंबडी दिसते तेवढी गरीब नसते. एकीच्या अंगावर रक्ताचा ठिपका दिसला की बाकीच्या तिला जिवंत सोडत नाहीत. आम्ही काही हौसेने चोची कापत नाही. तुझी वहिनी म्हणते, करून बघू दे तिला. ठीक आहे. पहिलं अंडं पडेपर्यंत मी गप्प. त्याआधी टोचाटोची झाली तर कळव, चोची कापायचं मशीन घेऊन येईन, तेव्हा आडवं यायचं नाही.

जिवाला जप. तुझ्या कोंबड्यांनाही आशीर्वाद.

दादा

२९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी अट होती म्हणून लिहिते, नाहीतर लपवलंच असतं. काल एकीला बाकीच्यांनी टोचलं. मी घाईघाईने जखमेवर लाल औषध लावलं, आणि सगळ्या त्या लाल रंगावरच तुटून पडल्या. ती गेली. मी खूप रडले. माझी अक्कल कुठे गहाण पडली होती, कोण जाणे.

मग डोळे पुसले. जांभळं औषध आणलं, दिवे मंद केले, माझं अडगळीचं सामान बाहेर काढून त्यांना जागा दिली, भुसा दुप्पट पसरला आणि कोबीचे गड्डे दोरीने टांगले. आता त्यांना दिवसभर उद्योग आहे. रिकाम्या चोचीलाच भांडणं सुचतात, माणसांसारखीच.

तू ये. आडवी येणार नाही. फक्त आधी एक दिवस त्यांच्यात बस, मग मशीन काढ.

वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

मिरची

९ जुलै

चि. मिरचीस,
अ. आ.

तुझ्याकडून काल रात्री घरी पोचलो. खरं सांगतो, कापायच्याच इराद्याने आलो होतो. तू म्हणालीस म्हणून स्टूल टाकून बसलो. इतकी वर्षं चोच पाहिली ती पात्याखाली, क्षणभर. ती दिवसभर काय काय करते, हे कधी पाहिलंच नव्हतं. एकीने माझ्या बुटाची नाडी सोडली. मी बांधली, तिने पुन्हा सोडली. दुसरी शेजारणीच्या डोळ्याजवळचा भुशाचा कण इतक्या अलगद काढत होती की मला भरूनच आलं. तुझी वहिनी माझ्या डोळ्यातलं कुसळ काढते तेव्हा मी बोंबलतो.

आज मालकांना सांगितलं, मागेल त्याला न कापलेली पिल्लं द्यायची, आणि ती कशी सांभाळायची ते मी समजावून सांगेन. त्यांनी कपाळाला हात लावला. लावू देत.

मशीनची पिशवी तुझ्या शेडमध्येच विसरलो. पाठवून दे. आपलं प्रेम आहे तसंच असू दे.

दादा

१४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पिशवी इतक्यात पाठवता येत नाही. मशीन मी बाहेर काढून ठेवलं होतं, तर एक बया पिशवीत भुसा ओढून बसली आणि आज सकाळी तिने तिथेच पहिलं अंडं घातलं. पिशवीला हात लावू देत नाही. टोचते, आणि दादा, चांगलंच लागतं.

वहिनीला घेऊन ये. दोघांवर माझा जीव आहे.

मिरची