सहावा तुकडा

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटं. भोंग्याच्या खोलीत, बारांचा इशारा देणारा भोंगा मी नुकताच बंद केला.

खाणीत बार उडाले आणि आमच्या ठिपकी कुत्रीने पुन्हा दोरी तोडली! ट्रकखाली जाता जाता वाचली. भाऊजी सुरुंग भरतात, त्यांना आवाजाचं काय. म्हणाले, "मेहुणेबुवा, महिनाअखेरपर्यंत बघतो. मग हिला लांब सोडून येणार." ताईनेही मान डोलावली. म्हणजे खरंच सोडणार.

५ मार्च

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवाज आधी बारीक, मग मोठा. मागोमाग खाऊ. घाबरली तर रागावायचं नाही, एक पायरी मागे यायचं."

टॉवेलात गुंडाळलेल्या थाळीवर एक टिचकी — बिस्किटाचा एक तुकडा. दोन टिचक्या — दोन. थरथर खूप. (‘थरथर’ सलग लिहायचं, मध्ये जागा नाही. शब्दकोशात पाहिलं.)

११ मार्च

टॉवेल काढला. पळाली नाही!

१७ मार्च

आज खरे बार. ठिपकीला भोंग्याच्या खोलीतच आणलं होतं. चार उडाले, चार तुकडे खाल्ले. कौतुकाने पाचवा धरला तर तोंड फिरवलं! घरी सांगितलं. ताई म्हणाली, "तुझ्यापेक्षा हिचं गणित बरं."

भाऊजी हसले. सोडून येण्याचं बोलले नाहीत. सोडणार नाही असंही म्हणाले नाहीत.

२० मार्च. संध्याकाळी ५.३०

सुरुंगाची सहा भोकं भरली होती. मी सहा आवाज मोजले. भाऊजींनीही सहाच.

ठिपकीने पाच तुकडे खाल्ले. सहावा घेईना. तोंडातून लाळ गळतेय, तरी नाही. माझ्याकडे बघतच नाही — खाणीकडे बघते. मानेवरचे केस उभे. समोरच्या झाडावरचे कावळे अजून परतले नाहीत. इतकं चिडीचूप इथे कधीच नसतं.

भाऊजींना म्हटलं, सहावा आवाज पाचव्याचाच पडसाद असेल, कड्यावरून परत आलेला. एक बार न उडता आत राहिला असेल.

"आता कुत्रं माझा हिशोब तपासणार? अहो, वीस वर्षं हेच करतोय. चहा घेतो नि खाली उतरून बघून येतो."

बूट काढून पायरीवर बसलेत. फुंकर मारून मारून पितात. अर्धा कप उरला असेल.

५.४८

भाऊजींचे बूट मी पाण्याच्या टाकीमागे टाकले. देवा, चूक ठरली तर मला आणि ठिपकीला दोघांनाही लांब सोडतील.

बाहेर आरडाओरडा — "कुणी नेले रे माझे बूट? मेहुणे!" दाराला कडी घातली आहे. अक्षर वाकडं येतंय. ठिपकी अजून तिकडेच बघते. तुकडा माझ्या तळहातावर, घामाने भिजला.

६.०५

भोंगा मी वाजवला नव्हता. तरी सहावा बार उडाला.

खिडकीची काच गेली. भाऊजी बाहेर अनवाणी उभे आहेत, हातात रिकामा कप.

ठिपकी दचकली नाही. शांतपणे माझ्याजवळ आली आणि सहावा तुकडा घेतला.